पॅनकेक घरी करताना: प्रमाण, पीठ आणि तव्याची आच

पॅनकेक बिघडतो तो दोनच ठिकाणी: पीठ कालवताना आणि तवा तापवताना. साहित्य साधं असतं, ओट्यावर उभं राहायचा वेळ अर्ध्या तासाचा. तरीही नवख्या हातचे पॅनकेक वातड होतात, नाहीतर वरून काळपट आणि आत कच्चट राहतात. बहुतेक वेळा पीठ गुळगुळीत होईपर्यंत फेटलेलं असतं आणि तवा घाईघाईने मोठ्या आचेवर तापवलेला असतो. या दोन सवयी सुटल्या की बाकी सगळं हाताळण्यासारखं आहे.

इथे दिलेली कृती जाड, फुगलेल्या, बेकिंग पावडरवर फुलणाऱ्या पॅनकेकची आहे. पातळ, घडी घालता येणारा क्रेप हा निराळा पदार्थ. त्याचं प्रमाण शेवटी थोडक्यात दिलं आहे.

साहित्य (साधारण १० सेंटिमीटर व्यासाचे ९ ते १० पॅनकेक)

- मैदा २०० ग्रॅम
- बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे, सपाट (सुमारे १० ग्रॅम)
- साखर २ मोठे चमचे (२५ ग्रॅम)
- मीठ अर्धा छोटा चमचा (३ ग्रॅम)
- दूध २६० मिली, शिवाय २० ते ३० मिली बाजूला राखून ठेवलेलं
- अंडं १ (टरफल वगळून सुमारे ५० ग्रॅम)
- बिनमिठाचं लोणी ४० ग्रॅम, वितळवून कोमट केलेलं
- व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा, हवा असल्यास
- तव्याला लावायला थोडं तेल

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा, मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा. घरातले जेवणाचे चमचे वाटेल त्या मापाचे असतात, त्यामुळे निदान बेकिंग पावडरसाठी तरी मापाचा चमचा घ्या आणि वरची रास सुरीच्या पाठीने सपाट करा. रास भरून घेतलेला चमचा सपाट चमच्याच्या दीडपट सहज भरतो, आणि तेवढ्याने पॅनकेकला कडवट चव येते.

मैदा वजन करूनच घ्यावा असा आमचा आग्रह आहे. २४० मिलीचा कप थेट डब्यात खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅमपर्यंत मैदा बसतो. तोच मैदा चमच्याने सैलसर भरून वरून सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम भरतो. एकाच कपात एवढा फरक पडला की पीठ एकदा घट्ट, एकदा पातळ होणार, आणि मग दोष कृतीला दिला जातो. काटा नसेलच तर चमच्याने सैल भरलेला एक पूर्ण कप आणि दुसऱ्या कपाचा दोन तृतीयांश भाग घ्या.

लोणी खारवलेलं असेल तर मीठ निम्मं करा. मीठ अजिबात वगळू नका, गोड पदार्थ मिठाशिवाय फिका लागतो.

कोणता घटक काय करतो

हे कळलं की बदल करताना चाचपडावं लागत नाही. मैद्यातली प्रथिनं पाण्याला मिळाली आणि ढवळली गेली की ग्लुटेन, म्हणजे ताणलं जाणारं चिवट जाळं, तयार होतं. पावाला ते हवं असतं. पॅनकेकला ते जेमतेम आकार धरण्यापुरतं पुरे. लोणी मैद्याच्या कणांभोवती बसून हे ग्लुटेन फार लांब जाऊ देत नाही, म्हणून पॅनकेक मऊ राहतो. अंडं शिजताना घट्ट होतं आणि आतले बुडबुडे जागच्या जागी धरून ठेवतं. साखर गोडी देते, तशीच रंगही देते. ती दुप्पट केली तर आतून शिजायच्या आत बाहेरून करपते, म्हणून जास्त गोड हवं असेल तर पाक वरून घ्यावा.

बेकिंग पावडरवर थोडं थांबू या. १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. तिच्यात खायचा सोडा, कोरडं आम्ल आणि ओल शोषणारा स्टार्च असतो. पाणी लागलं की सोडा आणि आम्ल एकमेकांवर क्रिया करतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. आजच्या बहुतेक बेकिंग पावडरी दोन टप्प्यांत काम करतात: काही वायू पीठ भिजताच सुटतो, उरलेला तव्यावर उष्णता लागल्यावर. म्हणूनच पीठ दहा मिनिटं ठेवलं तरी पॅनकेक फुगतो.

पावडर जुनी झाली असेल तर कोणतंही कौशल्य उपयोगी पडत नाही. तपासणं सोपं आहे. पाव कप गरम पाण्यात अर्धा छोटा चमचा पावडर टाका. लगेच जोरात फसफसली तर चांगली. दोन-चार बुडबुडे येऊन शांत झाली तर टाकून द्या. नुसत्या सोड्याची परीक्षा पाण्यात होत नाही, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून पाहावा लागतो.

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांऐवजी चमच्याला चमचा वापरू नका. सोडा कितीतरी तीव्र असतो आणि त्याला आम्लाची जोड लागते. आम्लाविना घातलेल्या सोड्याने पॅनकेकला साबणासारखी चव येते आणि रंग नको तितका गडद होतो.

तयारी

दूध आणि अंडं अर्धा तास आधी फ्रिजमधून बाहेर काढा. हे टाळू नका. थंडगार दुधात वितळलेलं लोणी ओतलं की लोण्याचे कण पुन्हा गोठतात, पिठात सारखे मिसळत नाहीत आणि तव्यावर कुठे तुपकट, कुठे कोरडे डाग दिसतात. वेळ नसेल तर दूध हाताला कोमट लागेल इतकंच गरम करा, अंडं पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

लोणी आधी वितळवून बाजूला ठेवा. उकळतं लोणी अंड्यावर ओतलं तर अंड्याचे तुकडे शिजून गोळा होतात. बोट बुडवता येईल इतकं ते निवलं पाहिजे.

तवा जाड बुडाचा आणि सपाट हवा. मध्ये खोलगट असलेल्या तव्यावर पीठ मधोमध साचतं, मग मध्य जाड आणि कड पातळ होते. बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, पण तापायला वेळ घेतो. नॉनस्टिक तवा लवकर तापतो आणि नवशिक्याला सोयीचा पडतो, फक्त तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका. २६ ते २८ सेंटिमीटरच्या तव्यावर एका वेळी तीन पॅनकेक सुटसुटीत मावतात. पहिल्या दिवशी दोनच घाला. उलथण्याला जागा मिळते.

शिवाय पातळ पात्याचं रुंद उलथणं, एक पळी किंवा ६० मिलीचं माप, दोन भांडी, हाताची रवी आणि तयार पॅनकेक ठेवायला तारेची जाळी. इलेक्ट्रिक बीटर काढूच नका. तो या कामाला घातक आहे.

पीठ कालवणं

मोठ्या भांड्यात मैदा, बेकिंग पावडर, साखर आणि मीठ एकत्र घ्या. चाळून घेतलं तर उत्तम. न चाळता रवीने अर्धा मिनिट नीट ढवळलं तरी चालतं. इथे हवं तेवढं ढवळा, कारण कोरड्या मैद्यात ग्लुटेन होत नाही. बेकिंग पावडर सगळीकडे सारखी पोचणं महत्त्वाचं. तिची गुठळी राहिली तर त्या घासाला जिभेवर धातूसारखी चव लागते.

दुसऱ्या भांड्यात अंडं फोडून पिवळं-पांढरं एकजीव होईपर्यंत फेटा. त्यात दूध आणि व्हॅनिला घाला, मग लोणी धारेने ओतत ढवळा. हेही मनसोक्त ढवळता येतं.

आता खरी कसोटी. कोरड्या मिश्रणाच्या मध्यभागी खळगा करा, सगळं पातळ मिश्रण एकदम त्यात ओता आणि रवी बाजूला ठेवून मोठा चमचा हातात घ्या. भांड्याच्या कडेने खाली जाऊन तळाचा मैदा वर आणायचा, भांडं थोडं फिरवायचं, पुन्हा तेच. असे १२ ते १५ फेरे. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. पीठ खडबडीत दिसेल, वाटाण्याएवढ्या गुठळ्या दिसतील. तशाच राहू द्या. त्या फोडायला चमचा पुन्हा उचलला की पीठ गुळगुळीत होईल आणि पॅनकेक वातड होईल. छोट्या गुठळ्या पुढच्या दहा मिनिटांत पाणी शोषून स्वतःहून विरतात. लिंबाएवढी एखादी मोठी गुठळी असेल तर तेवढीच चमच्याच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबा.

भांड्यावर झाकण ठेवून पीठ १० मिनिटं बाजूला ठेवा. मैद्याचे कण भिजून फुगतात, पीठ किंचित दाट होतं आणि ढवळताना ताणलं गेलेलं ग्लुटेन सैलावतं. तवा याच वेळात तापवायचा.

दहा मिनिटांनी दाटपणा पाहा. चमचाभर पीठ उचलून सोडलं तर ते जाडसर, सलग पट्टीसारखं खाली पडलं पाहिजे आणि पृष्ठभागावर त्याची खूण दोन-तीन सेकंद दिसली पाहिजे. गोळ्या-गोळ्यांनी पडत असेल तर राखलेल्या दुधातलं एक-एक मोठा चमचा घालत सैल करा. पाण्यासारखं वाहत असेल तर एक मोठा चमचा मैदा भुरभुरवून दोन फेऱ्यांत मिसळा. यानंतर पीठ ढवळू नका. प्रत्येक वेळी पळी बुडवण्याआधी पीठ हलवायची हाताला सवय असते, पण त्याने बुडबुडे फुटतात आणि शेवटचे पॅनकेक पहिल्यांपेक्षा चपटे होतात.

तवा तापवणं

तव्याचा पृष्ठभाग १८० ते १९० अंश सेल्सिअसच्या आसपास हवा. बिडाचा तवा मंद ते मध्यम आचेवर ६ ते ८ मिनिटं, नॉनस्टिक मध्यम आचेवर २ ते ३ मिनिटं. मोठ्या आचेवर लवकर तापवून मग आच कमी करण्याची युक्ती इथे फसते. मधला भाग प्रचंड तापलेला आणि कडा थंड, अशी स्थिती होते आणि जाड तवा पुन्हा निवायला बराच वेळ घेतो.

पाण्याचे दोन थेंब टाकून पाहा. थेंब जागेवरच बसून हळूहळू आटले तर तवा थंड आहे. थेंबाचे मणी होऊन ते चुरचुरत नाचले आणि एक-दोन सेकंदांत नाहीसे झाले तर तवा तयार. मणी बराच वेळ न आटता तव्यावर घसरत राहिले तर तवा फार तापला आहे. त्यांच्याखाली वाफेचा थर तयार झालेला असतो आणि तोच त्यांना तव्यापासून वेगळं ठेवतो. अशा वेळी तवा आचेवरून बाजूला घ्या आणि एक-दोन मिनिटं थांबा.

आता अर्धा छोटा चमचा तेल टाका आणि कागदी रुमालाने पुसून घ्या. तवा चमकला पाहिजे, पण तेल साठलेलं दिसता कामा नये. तेलाचे थेंब राहिले तर तिथे पीठ तळलं जातं आणि वर नक्षीसारखे ठिपके उमटतात. पुसलेल्या तव्यावर रंग एकसारखा सोनेरी येतो. लोण्याची खरपूस कड आवडत असेल तर लोणी जरूर वापरा, पण त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर तवा पुसून नवं लोणी लावावं लागतं.

आधी मोठा चमचाभर पिठाचा एकच छोटा पॅनकेक घाला. हा तव्याची परीक्षा घेण्यासाठी. दोन मिनिटांनी कड उचलून खालचा रंग पाहा. फिका असेल तर आच किंचित वाढवा, गडद तपकिरी असेल तर कमी करा. पहिला पॅनकेक बिघडतो असं सगळे म्हणतात. तो बिघडतो कारण तवा अजून सारखा तापलेला नसतो आणि तेल जास्त असतं. ती पाळी या छोट्यावर निभावली की मोठे पॅनकेक वाया जात नाहीत.

घालणं, उलटणं, काढणं

पळीत ६० मिली पीठ घ्या. तव्यापासून चार बोटं वरून, एकाच जागी स्थिर हाताने ओता. पीठ आपोआप गोल पसरतं. पळीच्या पाठीने फिरवून पसरवू नका, त्याने उंची जाते. दोन पॅनकेकमध्ये निदान तीन बोटं अंतर ठेवा.

आता हात बांधून उभं राहायचं. सुमारे एका मिनिटात वर बुडबुडे येऊ लागतात. पहिले बुडबुडे फुटून त्यांची भोकं पिठाने लगेच बुजतात, म्हणजे वरचं पीठ अजून ओलं आहे. पुढे कडांजवळची भोकं तशीच उघडी राहू लागतात, जाळी पडते, कडेची चमक जाऊन ती कोरडी, निस्तेज दिसते. हीच उलटायची वेळ, साधारण दोन ते अडीच मिनिटांनी येते. मध्यभागही पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबू नका. तेवढ्यात वायू निघून जातो आणि दुसरी बाजू फुगत नाही.

उलथणं तव्याला टेकवून एका झटक्यात पूर्ण पॅनकेकखाली सरकवा. अर्धवट सरकवून उचललं तर पॅनकेक मधोमध दुमडतो. तव्याच्या जवळूनच मनगट फिरवून उलटा. उंच उडवला तर ओलं पीठ आपटून चपटं होतं आणि शिंतोडे उडतात.

उलटल्यावर पॅनकेक डोळ्यांदेखत वर उचलला जातो. हा क्षण सुरेख असतो, आणि नेमक्या याच क्षणी उलथण्याने दाबायचा मोह होतो. दाबू नका. दाबलेला पॅनकेक पुन्हा वर येत नाही. दुसरी बाजू एक ते दीड मिनिट घेते. तिचा रंग पहिलीइतका एकसारखा येत नाही, तो तसाच अपेक्षित आहे. मध्यभागी बोटाने हलकं दाबल्यावर खळगा परत भरून आला तर झाला. बोट रुतलं तर आणखी अर्धा मिनिट. पुन्हा उलटू नका, एका पॅनकेकला एकच उलटणं.

काढलेले पॅनकेक गरम असताना एकावर एक रचले तर वाफ अडकून खालचे ओलसर, चिकट होतात. तारेच्या जाळीवर एका थरात ठेवा. सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर ओव्हन ९० ते ९५ अंशांवर चालू करून जाळी आत सरकवा, वीस मिनिटं ते चांगले राहतात. चळत वाढतानाच रचायची. पाक थंड ओतला तर पॅनकेक लगेच निवतो, म्हणून मेपल सिरप असो की मध, वाटीभर गरम पाण्यात बाटली ठेवून कोमट करून घ्या.

दर दोन घाण्यांनंतर आच तपासा. तवा हळूहळू तापत जातो, त्यामुळे तिसऱ्या घाण्यापासून रंग गडद होऊ लागतो. तेव्हा आच थोडी कमी करावी लागते.

काय बिघडलं आणि का

बाहेर गडद, आत कच्चं: तवा जास्त तापलेला. आच कमी करून एक-दोन मिनिटं थांबा आणि पुढचा घाला. पीठ फार घट्ट असेल किंवा एका पॅनकेकला ६० मिलीपेक्षा बरंच जास्त पीठ घेतलं असेल तरीही असंच होतं.

फिका आणि कोरडा: तवा थंड. रंग येईपर्यंत वाट पाहिली जाते आणि तोवर आतला ओलावा उडून जातो.

वातड, चावताना ताणला जाणारा: पीठ जास्त ढवळलं. यावर आता उपाय नाही. असं पीठ अर्धा तास ठेवलं तर ग्लुटेन थोडं सैलावतं, पण तोवर फुगण्याची शक्ती कमी झालेली असते.

चपटा: बेकिंग पावडर शिळी, पीठ पातळ, किंवा पीठ कालवून तासभर तसंच पडलेलं. पसरून कागदासारखा झाला तर पीठ पातळ. पसरला नाही, जाडही झाला आणि तरीही दाट लागला तर पावडरीवर संशय घ्या.

मध्ये कच्च्या पिठाचा पट्टा: उलटायची घाई. जाळी कडेला पडली की नाही हे न पाहता घड्याळावर विसंबून उलटल्याने हे होतं. घड्याळ अंदाजासाठी, निर्णय जाळीवरून.

तव्याला चिकटला: तवा पुरेसा तापला नव्हता, किंवा आधीच्या घाण्याचा करपलेला अंश राहिला होता. चिकटलेला ओढू नका, अर्धा मिनिट जास्त ठेवला तर बहुतेकदा कड स्वतःहून सुटते.

ताकातले पॅनकेक

आंबूसपणा आवडणाऱ्यांनी हे नक्की करावेत, आमच्या मते चव आणि मऊपणा दोन्हींत हे सरस आहेत. वरच्या कृतीतलं दूध काढून ३०० मिली दाट ताक घ्या. ताक पातळ असेल तर त्याऐवजी २०० ग्रॅम घट्ट दही आणि १०० मिली दूध एकत्र फेटून वापरा. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा करा आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घाला. बाकी सगळं तेच.

ताकातलं आम्ल सोड्याशी क्रिया करतं. साधारण अर्धा छोटा चमचा सोडा २४० मिली ताकाचा आंबटपणा मोडतो. इथे ताक त्याहून जास्त आहे, म्हणून थोडी आंबूस चव मागे उरते आणि तीच हवी असते. सोडा पीठ भिजताच कामाला लागतो, त्यामुळे हे पीठ पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, तवा आधीच तापवून ठेवा. सोड्यामुळे रंगही लवकर चढतो, आच किंचित कमी लागते.

ताक किंवा दही दोन्ही नसेल तर २६० मिली दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा. दूध फाटल्यासारखं दिसेल, तेच वापरायचं. ते ताकाइतकं दाट होत नाही, पण सोड्याला लागणारं आम्ल पुरवतं.

अंड्याविना, कणकेचे, फळं घालून

अंड्याऐवजी ६० ग्रॅम दही सगळ्यात भरवशाचं. बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा वाढवा. पिकलेलं केळं कुस्करून ६० ग्रॅम घेतलं तर चव छान येते, पण पॅनकेक जड होतो आणि लवकर तपकिरी होतो. तिसरा पर्याय जवसाची पूड: एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. कोणताही पर्याय घेतला तरी बिनअंड्याचे पॅनकेक आकाराने छोटे घाला, कारण ते उलटताना सहज तुटतात, आणि प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट जास्त द्या.

मैद्याऐवजी सगळी कणीक वापरण्याआधी निम्मी-निम्मी करून पाहा. कोंडा पाणी जास्त शोषतो, म्हणून दूध २० ते ३० मिली वाढवा आणि पीठ १५ ते २० मिनिटं भिजू द्या. पूर्ण कणकेचे पॅनकेकही होतात, ते थोडे बसके आणि भरीव असतात.

दूध चालत नसेल तर सोया किंवा ओट दूध त्याच मापाने, आणि लोण्याऐवजी बेताच्या चवीचं ३५ मिली तेल.

फळं आणि चॉकलेटचे तुकडे पिठात मिसळू नका. पीठ तव्यावर घातल्यावर लगेच वरून सात-आठ तुकडे पेरा. प्रत्येक पॅनकेकला सारखे मिळतात आणि पीठ जादा ढवळलं जात नाही. ब्लूबेरी ताकाच्या पिठात घातल्या आणि सोडा जास्त झाला तर त्यांच्याभोवती निळसर-हिरवे डाग दिसतात. फळातला रंग आम्लारीत असा बदलतो, खायला धोका नसतो. गोठवलेली फळं न वितळवता वापरा, नाहीतर रस पिठात उतरतो.

आणखी हलके हवे असतील तर अंड्याचं पिवळं दुधात घाला, पांढरं वेगळं फेटा. टोक उचललं की किंचित वाकेल इतपत ते झालं पाहिजे. पीठ कालवून झाल्यावर ते दोन भागांत, खालून वर हलक्या हाताने मिसळा आणि लगेच तव्यावर घाला.

आधी करून ठेवायचं तर

पीठ रात्री कालवून सकाळी वापरणं टाळा. कोरडं एका डब्यात, पातळ दुसऱ्या भांड्यात फ्रिजमध्ये असं ठेवलं तर सकाळी पाच मिनिटांचं काम उरतं. लोणी मात्र सकाळीच वितळवून घाला. कच्चं अंडं असलेलं पीठ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि चाखून पाहू नका.

नेहमी करणार असाल तर कोरडं मिश्रण साठवा: मैदा १ किलो, बेकिंग पावडर ५० ग्रॅम, साखर १२५ ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम. नीट मिसळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. दर वेळी २३८ ग्रॅम घेतलं की वरच्या कृतीचं एक पूर्ण प्रमाण भरतं. डब्यात मैदा वर आणि पावडर तळाशी असं होऊ शकतं, म्हणून काढण्याआधी डबा हलवा.

निम्म्या प्रमाणात करताना अडचण फक्त अंड्याची. ते फेटून २५ ग्रॅम मोजून घ्या.

उरलेले पॅनकेक जाळीवर पूर्ण निवू द्या, मध्ये बटर पेपरचे तुकडे घालून पिशवीत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. दोन महिने चांगले राहतात. वितळवायची गरज नाही: टोस्टरमध्ये सरळ घाला, किंवा १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ६ ते ८ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये २० ते ३० सेकंदांत गरम होतात, पण कड मऊ पडते आणि जास्त वेळ ठेवले तर रबरासारखे होतात.

क्रेप हवे असतील तर

मैदा १२५ ग्रॅम, अंडी २, दूध ३०० मिली, वितळलेलं लोणी २५ ग्रॅम, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही. इथे नियम उलटे होतात: पीठ अगदी गुळगुळीत फेटायचं, हवं तर गाळून घ्यायचं, कारण कागदासारख्या पातळ थरात गुठळी लगेच दिसते आणि घडी घालताना फाटू नये म्हणून थोडं ग्लुटेन उपयोगीच पडतं. फेटल्यानंतर निदान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ताणलेलं ग्लुटेन सैलावतं आणि रवीने आलेले बुडबुडे निघून जातात. पीठ पातळ सायीसारखं वाहतं हवं.

२४ सेंटिमीटरच्या तव्यावर ४५ ते ५० मिली पीठ ओतून तवा लगेच उचला आणि गोल झुकवत पीठ सगळीकडे फिरवा. एक मिनिटात कडा सुटून सोनेरी होतात, तेव्हा उलटा. दुसरी बाजू २० ते ३० सेकंद. पीठ पसरायच्या आधीच धरलं तर तवा जास्त तापला आहे किंवा पीठ दाट आहे. आधी आच कमी करून पाहा, मग दूध घाला. फुगलेल्या पॅनकेकच्या उलट, क्रेप गरम असतानाच एकावर एक रचावेत. अडकलेल्या वाफेने ते मऊ राहतात आणि घडी घालताना तडकत नाहीत.